तिसऱ्या भागाची वाट बघणाऱ्या देवस्थळी मिस

आमच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. डावी हळू चालते, प्रत्येक मजल्यावर थांबून विचार करते आणि शेवटी पोचवते. उजवी भरकन वर जाते आणि महिन्यातून एकदा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकते. देवस्थळी मिस डावीला 'थोरली' म्हणत आणि उजवीला 'धाकटी'. रियाधमधल्या एकोणीस वर्षांत त्या फक्त थोरलीतून वर-खाली गेल्या. थोरली बंद असली की जिन्यानं.

हे लिफ्टपुरतं असतं तर समजण्यासारखं होतं. पण त्यांच्या घरचे ए.सी., पायांतल्या चपला, भाजीवाल्याकडची भेंडी, सगळ्यांची याच दोन वर्गांत विभागणी झालेली होती. पुरुषांनाही यातून सुटका नव्हती. इमारतीचा रखवालदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, तो साठीचा, दाढीवाला, जाडजूड येमेनी. "हारिस थोरली आहे," मिस सांगत. "सांगितलेलं विसरत नाही. पण स्वतःहून एक काम करेल तर शपथ."

याचं मूळ एका कादंबरीत होतं. मिस इथल्या एका भारतीय शाळेत अकरावी-बारावीच्या मुलींना इंग्रजी शिकवत. पूर्वी कधीतरी अभ्यासक्रमात दोन बहिणींची एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. पुढे ती अभ्यासक्रमातून गेली. मिसच्या वर्गातून गेली नाही. पी.टी.च्या शिक्षिका रजेवर असल्या की मिस त्यांचा तास मागून घेत आणि बगलेतून ते पुस्तक काढत. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण मिसही घेत नसत. "नाव सांगितलं की तुम्ही सिनेमा बघता आणि पेपरात सिनेमा लिहिता," असं त्यांचं म्हणणं.

"थोरली आधी माणूस तोलते, मग प्रेम करते," त्या फळ्यापाशी उभ्या राहून सांगत. "धाकटी आधी प्रेम करते, मग तिला वजन कळतं. आणि तिसऱ्या भागात दोघींना आपापला निकाल मिळतो. लिहून घ्या."

आम्ही लिहून घ्यायचो. चाळीस मुली, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि वहीत निकाल.

'तिसरा भाग येऊ दे' हे त्यांचं पालुपद होतं. कुणी नवी गाडी घेतली, तिसरा भाग येऊ दे. कुणाच्या मुलीनं ऑफिसातल्या मुलाशी लग्न ठरवलं, तिसरा भाग येऊ दे. रियाधला मेट्रो सुरू झाली तेव्हा सगळं शहर फोटो काढत होतं. मिसनी खिडकीतून एकदा त्या दिशेला बघितलं आणि चहा ओतता ओतता तेच म्हणाल्या.

आमचं घर त्यांच्या समोरच. माझा जन्म इथलाच. मी आईला इंग्रजीत उत्तरं देते म्हणून आई वैतागायची, तेव्हा मिसनी मला हाताशी धरलं. मराठी लिहायला मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शिकले. मी फार बोलत नसे. त्या मला 'मौनीबाबा' म्हणत. मौनीबाबा थोरली की धाकटी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आपला निकाल आधी कळण्यात काय मजा.

रियाधमधल्या मराठी आया मुलींची स्थळं घेऊन त्यांच्याकडे येत. पत्रिका जुळली का हे गुरुजींना विचारायचं आणि बाकीचं मिसना. एकदा बँकेतल्या नोकरीचा एक पुण्याचा मुलगा त्यांच्या सोफ्यावर बसला होता. मी पाणी द्यायला होते.

"काम काय करतोस?"

"रिस्कमध्ये आहे, मॅम."

"म्हणजे धोका पत्करतोस की टाळतोस?"

"मोजतो, मॅम."

मिसच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "थोरली," त्या, मुलीच्या आईकडे वळून, म्हणाल्या. "डोळे मिटून द्या."

मुलाची आई उठून उभी राहिली. "अहो, मुलगा आहे तो!"

"असेना. स्वभावाला लिंग नसतं."

लग्न झालं. एका वर्षात ती मुलगी माहेरी परत आली. मुलानं त्रास दिला नव्हता, तो फक्त मोजत होता. कुलूप लावलं का हे तो तीनदा बघायचा, आणि ती हसली तर का हसलीस हे विचारायचा. त्या मुलीच्या आईनं मिसशी बोलणं टाकलं. मिसनी ते प्रकरण कुठल्याही वर्गात घातलं नाही. आठवडाभर त्या भेंडीसुद्धा न बोलता घेत होत्या.

मिसचं स्वतःचं लग्न तोलूनमापून झालेलं होतं. देवस्थळी काका एका कंपनीत हिशेबनीस होते. स्वच्छ, वक्तशीर, एका वाक्यात दोन शब्द. पाच वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि सांगलीला परत गेले. मिसची नोकरी होती, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्या स्वतःच्या नावावर होता, त्या राहिल्या. काका दर शुक्रवारी चारला फोन करत. मी अनेकदा तिथे असे.

"ठीक?" पलीकडून.

"ठीक," इकडून.

"पाणी एक दिवसाआड येतंय."

"बरं."

खलास. मिस फोन ठेवत आणि घड्याळ बघत. एक मिनिट दहा सेकंदांच्या वर तो संवाद कधी गेल्याचं मला आठवत नाही.

आता डब्याचं सांगते.

दर वर्षी ऑगस्ट संपता संपता बुरैदा गावाहून खजुराचा एक डबा यायचा. सुक्करी खजूर, सोनेरी, तोंडात टाकला की विरघळणारा. कुणीतरी ट्रकवाला तो हारिसकडे ठेवून जायचा आणि हारिस तो मिसच्या दारात ठेवायचा. त्याच संध्याकाळी मिस तो आमच्याकडे आणून देत. "शाळेतल्या एका पालकांनी पाठवलाय. मला गोड चालत नाही." एकही खजूर काढलेला नसायचा. फक्त झाकणावरचं लेबल चौकोनी कापून घेतलेलं असायचं. लहानपणी त्या भोकाच्या झाकणाचं मी बाहुल्यांचं थिएटर करायची. दर वर्षी नवं थिएटर. आई मिसना नावानं हाक मारे. ती म्हणायची, "शरयूताईंचे हे पालक मोठे प्रामाणिक दिसतात. मुलगी पास होऊन किती वर्षं झाली, तरी आठवण ठेवतात."

या वर्षी डबा आला नाही.

ऑगस्ट संपला. सप्टेंबरचा पहिला आठवडा गेला. मिसची नोकरी संपली होती, ऑक्टोबरमध्ये इकामा संपणार होता, देश कायमचा सोडायचे, फायनल एक्झिटचे कागद सुरू झाले होते. घरात खोकी बांधलेली. आणि मिस रोज तीनदा खाली जाऊन हारिसला विचारत होत्या. चौथ्या दिवशी मी त्यांना उजव्या लिफ्टमधून बाहेर येताना पाहिलं. डावी चालू होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर ती कादंबरी होती आणि पानापानांतून काढलेली लेबलं. अठरा. सगळी एकाच दुकानाची, बुरैदाच्या खजूरबाजारातली. अरबीत दुकानाचं नाव, खाली मोबाइल नंबर, आणि कोपऱ्यात बॉलपेननं मराठीत एकच अक्षर. 'मं'.

"मंजिरी," मिस म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण."

मी खुर्ची ओढून बसले.

"सांगलीला बेदाण्याच्या सौद्यात एक मुलगा होता. इस्माईल. रत्नागिरीकडचा. तिनं त्याच्याशी लग्न केलं आणि इकडे आली. बुरैदाला. घरातून जाताना मी दारात उभी होते. मी तिला म्हटलं, जा, तिसऱ्या भागात तू रडत परत येणार आहेस." त्यांनी लेबलं एकावर एक नीट रचली. "तेवीस वर्षं झाली. बोललो नाही त्यानंतर."

"मिस, नंबर आहे. फोन करा ना."

"फोनवर माणूस कळत नाही. तुझ्याकडे लायसन्स आहे ना? मला जायच्या आधी तिला एकदा बघायचंय. बोलली नाही तरी चालेल. बघायचंय."

शनिवारी पहाटे मी त्यांना घ्यायला गेले. त्यांच्या घरातली दुसरी झोपायची खोली कायम बंद असायची. आम्ही समजत होतो, अडगळ असेल. त्या दिवशी ती उघडी होती. आत एक पलंग. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली धुतलेली चादर. उशीवर एक घडी घातलेला सुती गाऊन, खाली स्लिपर, टेबलावर पाकिटातून न काढलेला टूथब्रश. सगळं घर खोक्यांत गेलं होतं. ही खोली तेवढी तशीच होती.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"यल्ला, चल," मिस म्हणाल्या. "ऊन चढेल."

रियाध ते बुरैदा साडेतीन तासांचा रस्ता. दोन्हीकडे वाळू. पहिला तास त्या ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकची नेहमीप्रमाणे वर्गवारी करत होत्या. मग एकदम, रस्त्याकडे बघतच, बोलायला लागल्या.

"तिला तो टाकणार, याची मला खात्री होती. माणसं अशी टाकतात. आणि टाकलं की ती सांगलीला कुठल्या तोंडानं येणार? आमचे अण्णा दार उघडणार नव्हते. मग मी इथल्या नोकरीची जाहिरात बघितली. यांना म्हटलं, रियाधला जाऊ. यांना यायचं नव्हतं. मी आणलं. म्हटलं, तिच्यावर वेळ आली तर साडेतीन तासांत मी पोचेन. इथे तिला कोण ओळखतं? माझ्याकडे राहील. खोली कायम तयार ठेवली."

"आणि तुम्ही वाट बघितली."

"माझा पत्ता तिला सांगलीहून कुणीतरी कळवला असणार. दर वर्षी डबा यायचा. म्हणजे अजून टाकलं नव्हतं." त्या माझ्याकडे वळल्या. "तू मला सांग, बहिणीचं वाटोळं व्हायची एकोणीस वर्षं वाट बघणाऱ्या बाईला काय म्हणतात? थोरली?"



बुरैदाचा बाजार पहाटेचा. आम्ही पोचलो तेव्हा लिलाव संपत आले होते. लांबच लांब शेड, डब्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या, आणि सगळीकडे तो गोड वास. लेबल दाखवत दाखवत आम्ही दुकानापर्यंत गेलो. आत पांढरी झालेली छोटी दाढी आणि टोपी असलेला एक बारीक माणूस अरबीत घासाघीस करत होता. त्यानं मिसना पाहिलं आणि तो वाक्याच्या मध्येच थांबला.

"तुमी मंजूची ताई," तो म्हणाला. विचारलं नाही. "नाक सेम हाय."

"कुठे आहे ती?"

त्यानं गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं, दोन खुर्च्या पुढे ओढल्या, त्या फडक्यानं पुसल्या. "बसा, ताई."

"मी उभी ठीक आहे. कुठे आहे?"

"ताई, मंजू वारली. रमजानच्या आधी. हार्ट. सकाळी उठली, चाय ठेवली, नि खाली बसली. तेवढाच. मला हाक मारायला पण तिला वेळ नाय मिळाला."

मिस बसल्या. पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, परत लावली. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "तू तिला त्रास दिलास का?"

"मिस," मी हळूच म्हटलं.

"थांब गं. इस्माईल, खरं सांग."

"दिला," तो म्हणाला. "घोरायचो. लई बोलायची त्यावरून. मग कानात कापूस घालून झोपायची. रोज."

"रडायची का?"

"सिनेमा बघून. कांदा मीच कापायचो, म्हणून त्याला नाय रडली."

"तू कांदा कापायचास?"

"जेवण मीच करायचो, ताई. तिला कुठं येत होता? तुमाला तर म्हायती. पहिल्या वर्षी तिनं आमटी केली, ती मांजरीनं पण नाय खाल्ली."

मिसच्या तोंडून एक आवाज आला. हसण्याचा होता की काय, मला ठरवता आलं नाही. "भांडायची?"

"बाजारात. माझ्यापेक्षा बरी अरबी बोलायची. काळा अबाया घालून ह्या गाडीवर चढून उभी राहायची, नि भाव पाडला कुणी तर त्याला सांगलीच्या शिव्या. समोरच्याला कळायच्या नाय, पण भाव वाढवायचा बिचारा. कागदावर मरियम, पण बाजारात सगळे मंजू बोलायचे. परवाच वाळवंटातला एक म्हातारा बदू येऊन विचारून गेला, मंजू कुठं दिसत नाय."

मिस त्याला विचारत राहिल्या. तोंडी परीक्षेत एखादी मुलगी सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देते आणि मार्क कुठे कापावेत ते परीक्षकाला कळत नाही, तसं चाललं होतं. आजारी पडली तेव्हा कोण होतं? मूल नाही म्हणून घरचे काही बोलले? तिची साडी नेसायची हौस? तो सगळ्याला उत्तर देत होता. कुठेही तिसरा भाग लागत नव्हता. शेवटी मिसजवळ एकच प्रश्न उरला.

"मला का नाही कळवलंस? मी रियाधला आहे हे तुला माहीत होतं. पत्ता होता. डबे पाठवत होतात."

इस्माईलनं टोपी काढून परत घातली. "मी बोललो होतो तिला. दवाखान्यात एकदा नेला होता ना, दोन वर्षांमागे, तेव्हा बोललो, ताईला फोन करतो. तिनं शपथ घातली. बोलली, ताई वाईट बातमीला लगेच येईल. धावत येईल. मला तशी नको. ती सहज यायला पायजे." त्यानं जमिनीकडे पाहिलं. "गेल्यावर मी एकदा रियाधला आलो. तुमच्या बिल्डिंगखाली उभा राहिलो. पण शपथ आठवली. माझ्याच्यान नाय झाला, ताई. डबा पण नाय झाला पाठवायला."

बाजारातला शेवटचा लिलाववाला माइकवर ओरडत होता. मिस उठल्या.

"कुठे ठेवलंय तिला?"

कब्रस्तान गावाबाहेर होतं. उंच, मातीच्या रंगाची लांबलचक भिंत आणि लोखंडी फाटक. इथे बायकांना आत जाता येत नाही. हे मला माहीत होतं, मिसनाही माहीत असणार, तरी त्या फाटकापर्यंत चालत गेल्या आणि तिथे थांबल्या. आत सपाट रेती आणि दगडच दगड. कशावरही नाव नाही.

"तुला कशी ओळखू येते?" त्यांनी विचारलं.

"मोजून," इस्माईल म्हणाला. "फाटकातून सरळ साठ पावलं, मंग डावीकडच्या भिंतीकडं चौदा. भिंतीपासून दुसरी रांग."

"तू जा आत," मिस म्हणाल्या. "जाऊन तिच्यापाशी उभा राहा."

तो गेला. मिस फाटकापासून डावीकडे वळल्या आणि बाहेरच्या बाजूनं भिंतीला धरून चालायला लागल्या. अकरा वाजले होते, वाळूतून वाफ निघत होती. मी छत्री घेऊन मागे धावले, तर त्यांनी हातानंच मला दूर ठेवलं. ओठ हलत होते. पावलं मोजत होत्या. एका ठिकाणी दगडांचा ढीग आडवा आला, तो त्यांनी वळसा न घालता ओलांडला, गुडघा टेकला, उठल्या आणि आकडा न चुकता पुढे गेल्या. मग भिंतीचा कोपरा आला. त्या वळल्या आणि पुन्हा एकपासून मोजू लागल्या.

थांबल्या तेव्हा त्यांनी हाक मारली. "इस्माईल!"

पलीकडून, अगदी जवळून, आवाज आला. "हाय इथंच, ताई. अजून दोन पावलं पुढं या."

त्या दोन पावलं पुढे गेल्या.

"हां. तिथंच."

मिसनी अबायाची बाही सारखी केली, केस कानामागे घेतले. भिंत हात ठेवता येणार नाही इतकी तापलेली होती, तरी त्यांनी तळवा टेकवला आणि काढला नाही. मी थोडी लांब उभी होते, पण त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला. तो वर्गातला नव्हता. शेजारच्या घरी साखर मागायला आलेल्या बाईचा असावा तसा होता.

"मंजे, मी गं. नाही, नाही, काही झालं नाहीये. सगळं ठीक आहे. सुट्टी होती, म्हणून सहज आले."